मधी कुनीच न्हाई

नागापूरच्या एमआयडीसीत मोटारींचं वाइंडिंग करणाऱ्या या गृहस्थांना आम्ही सगळे मिस्त्रीच म्हणतो. मोटार आली की हात लावायच्या आधी ते तिला कान लावतात. चांगली असेल तर "बोलतीय", नसेल तर "रुसलीय". तिसरा शब्द त्यांच्याकडे नाही.

परवा दुपारी त्यांनी मला घाईघाईनं बोलावून घेतलं. भंगारात मिळालेले दोन जुने कॉम्प्युटर टेबलावर पाठीला पाठ लावून मांडलेले. दोन्हींना एकेक मोडेम, आणि मधे फोनची साधी वायर. एकासमोर मी, दुसऱ्यासमोर ते; इकडं टाइप केलेलं वायरीतून तिकडं उमटायला हवं होतं.

"अहो मिस्त्री, मोबाईलवर मेसेज क्षणात जातो की!"

"त्याला मधी टावर लागतो. हितं मधी कुनीच न्हाई!"

तीनदा मोडेम रुसला. मग त्यांनी कपाळावर हात मारला. "डायल टोनची वाट बगतोय येडा! नुसत्या वायरीत टोन कुठनं येनार?" टोनची वाट न बघता फोन लाव, असा हुकूम त्यांनी टाइप केला. फोन उचलायचा हुकूम माझ्या बाजूनं मी दिला. मोडेममधून किंचाळी, शिट्टी, मग लांबलचक खरखर.

"बोलतोय! लई भारी बोलतोय!"

माझ्या स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांतलं मराठी एकेक अक्षर करत उमटलं: जेवला का?

मी टाइप केलं: नाही.

उत्तर आलं: डबा डावीकडं हाय.

खरंच होता. "भाजी कसली?" मी आनंदानं ओरडलो.

पलीकडून मिस्त्री कडाडले, "तोंडानं न्हाई! वायरीतनं इचारा!"