तीनदा विचारलेली विहीर

ज्याच्यासमोर एकच गोष्ट दुसऱ्यांदा सांगायला माणसं घाबरतात असा अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात एकच श्रोता आहे, आणि ते माझे साडू आहेत. पेठ वडगावजवळच्या आपल्या गावी दूध संस्थेत फॅट काढण्यात त्यांचा उभा जन्म गेला. दुधात किती पाणी पडलंय हे ते यंत्राआधी दूध घालणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ओळखत. निवृत्त झाल्यावर लोक देवळाच्या पायरीवर बसतात, नाहीतर सुनेच्या फोडणीत नाक खुपसतात. साडूंनी ‘गाव इतिहास मंडळ’ काढलं. म्हाताऱ्यांना आठवतंय तोवर लिहून ठेवायला पाहिजे, एवढंच ते म्हणाले आणि मला न विचारता अध्यक्ष करून टाकलं. मी शहरात राहतो आणि कुणाच्या भावकीत नाही, हीच माझी पात्रता. उरलेले सभासद सात : पाच साडूंचे चुलतभाऊ, एक ते स्वतः आणि एक बौद्ध वस्तीतले निवृत्त पोस्टमन, ज्यांना सगळे अण्णा म्हणत. मंडळाचं कार्यालय म्हणजे साडूंच्या घराचा सोपा, दारापुढची ओसरी. चहा करून करून अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, इतिहासाच्या नावानं खडे फोडायची.

कामाची पद्धत साडूंनी सरळ डेअरीतून उचलली होती. एखाद्याची आठवण वहीत उतरवली की आठ दिवसांनी पुन्हा त्याच्या दारात हजर, महिन्यानं तिसऱ्यांदा. “दूध एकदा बघून सोडतंय व्हय कोण?” असं वर विचारायचे. तिन्ही खेपांना गोष्ट तशीच आली तर तिच्यापुढे ‘फॅट सात’, म्हणजे अस्सल म्हशीचं दूध. मध्येच वाघ, तलवार किंवा महाराज वाढले तर ‘पाणी आहे’. एका माजी पैलवानांनी लोळवलेला पंजाबी मल्ल तिसऱ्या खेपेला दोन मल्ल झाला, तेव्हा साडूंनी त्यांच्या डोळ्यांदेखत तो शेरा मारला आणि पैलवान चहा अर्धा टाकून उठले. मी तरी कुठे सुटलो? सासुरवाडीत मी नाग मारल्याची गोष्ट पंधरा वर्षं मानानं नांदत होती. साडूंनी दुसऱ्या प्रश्नात नागाची धामण केली आणि तिसऱ्यात ती जिवंत पळून गेल्याचंही माझ्याच तोंडून वदवून घेतलं. बायको अजून हसते.

मंडळाचा पहिला फलक लागणार होता तो गावाबाहेरच्या दगडी विहिरीवर. ती साडूंच्या पणजोबांनी खणली असं साडूंचे वडील जन्मभर सांगत आले होते. फलक तसा रंगवूनही झाला होता. तो सोप्यात भिंतीला टेकवून ठेवलेला अण्णांनी वाचला, शांतपणे चहा संपवला आणि म्हणाले, “हीर आमच्या माणसांनी खणली. माझ्या आज्यानं पहार मारली, आज्जीनं माती व्हायली. पाणी लागलं आनि त्या दिसापास्नं आमास्नीच तितं जायची बंदी झाली.” मग चुलतभावांनी एका सुरात बजावलं, की असलं वहीत गेलं तर आम्ही मंडळात नाही. साडूंनी वही उघडली आणि लिहून घेतलं. आठ दिवसांनी ते अण्णांच्या दारात गेले, महिन्यानं पुन्हा गेले. गोष्टीतला एक शब्द हलला नव्हता.

मग त्यांनी स्वतःच्या घरातली गोष्ट तपासायला घेतली. वडील हयात नव्हते, पण त्यांनी ती सगळ्या भावंडांना सांगितली होती. थोरल्या भावाच्या आठवणीत विहीर चाळीस हात खोल निघाली, बहिणीच्या साठ, आणि साडू धाकटे, लाडके, म्हणून त्यांच्या वाट्याला पुरी नव्वद हात आली होती. पणजोबा मात्र तिन्हींत एकटेच खणत होते. दोन दिवस साडू धड जेवले नाहीत. अक्कानं घाबरून मला बोलावून घेतलं, तर हे वहीसमोर पेन धरून बसलेले. माझ्यासमोरच त्यांनी वडिलांच्या गोष्टीपुढे लिहिलं, ‘पाणी आहे’. त्या पानावरचं अक्षर वाकडं आलंय. मला त्या दिवशी या माणसाचा फार अभिमान वाटला, आणि तो मी त्यांना सांगितला नाही याचं अजून वाईट वाटतं.

अण्णांच्या माणसांनी विहीर खणली असं लिहिलेला नवा फलक लागला तेव्हा मंडळात आम्ही तिघेच उरलो होतो. अण्णांनी दोर मागितला, स्वतः घागर ओढली आणि पहिलं पाणी साडूंच्या ओंजळीत घातलं. घरात नळ आहे, हे पाणी पिऊ नका असं अक्का लांबून ओरडत होती. साडू शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले आणि पोट दोन दिवस बिघडलं. चुलतभावांपैकी दोघे पुढे परत आले. इतिहासाच्या ओढीनं की अक्काच्या भज्यांमुळे, हे साडूंनी अद्याप तपासलेलं नाही.

गेल्या वर्षी अण्णा गेले. परवा गावी गेलो तर साडू सोप्यात एकटेच बसले होते, मांडीवर वही, विहिरीचं पान उघडलेलं.

“आजून एकदा इचाराय पायजे हुतं की, पावणं,” ते म्हणाले.

मी म्हटलं, तीनदा विचारून झालं होतं, शब्द हलला नव्हता, आता काय तपासायचं राहिलं होतं?

“तपासाय न्हाई वो,” साडू वही मिटत म्हणाले. “ऐकाय.”