पहिल्यांदा थायलंडला निघालेल्यांसाठी

"पहले चप्पल, फिर पासपोर्ट," असं म्हणून ती आधी दाराबाहेर जायची. लोकांनी काढून टाकलेल्या चपला-बूट जोडीनं लावायची, पुढची टोकं जिन्याकडे करून. मग हात धुऊन आत यायची आणि मगच थायलंडबद्दल बोलायला लागायची. मला त्या चपला लावण्याचा फार राग यायचा. पाच मिनिटं त्यातच जायची, आणि लोक मात्र कौतुकानं बघत राहायचे.

आमचं ट्रॅव्हल ऑफिस कतारमधल्या दोहात, नजमा भागात, एका कॅफेटेरियाच्या वर आहे. खालच्या करक, म्हणजे वेलचीच्या घट्ट दुधाळ, चहाचा वास दिवसभर वर येतो. ती यायच्या आधी नऊ वर्षं थायलंडला पहिल्यांदा जाणाऱ्यांना माहिती मी द्यायची. माझा एक छापील कागद होता. सिमकार्ड कुठे घ्यायचं, पैसे कुठे बदलायचे, भारतीय जेवण कुठे मिळतं, चिवडा आणि खाकरे किती न्यायचे. पर्ल या श्रीमंत वस्तीतली मोठ्या पगाराची कुटुंबंसुद्धा त्या कागदाचा फोटो काढून न्यायची. मी थायलंड दोनदा पाहिलेलं होतं, दोन्ही वेळा बसच्या खिडकीतून. पण त्या कागदात काही कमी आहे, असं मला कधी वाटलं नव्हतं.

मग मालकांनी हिला आणलं. थायलंडच्या ईशान्येकडच्या एका खेड्यातली, भातशेती करणाऱ्या घरातली. वय माझ्याएवढंच, चाळिशीच्या आसपास. दोहातल्या हॉटेलांत फळांवर नक्षी कोरण्याचं काम करून आलेली. हिंदी तिथल्या भारतीय आचाऱ्यांकडून शिकलेली. तिचं कागदावरचं नाव लांबलचक आणि हाक मारायचं नाव दोन अक्षरांचं होतं. दोन्ही मी इथे लिहीत नाही. लिहिलं की ती माझी झाली असं वाटेल, आणि ती माझी कधीच नव्हती.

दर गुरुवारी संध्याकाळी ती दहा-बारा जणांना सतरंजीवर बसवायची. पाय मागे दुमडून, कारण तळवे दुसऱ्याकडे करणं तिकडे वाईट समजतात. ताटात भात घेऊन दाखवायची की चमचा उजव्या हातात, काटा डाव्या हातात, आणि काट्यानं फक्त भात चमच्यात लोटायचा. गवती चहाची कांडी मोडून सगळ्यांच्या नाकाशी धरायची. शाकाहारी लोकांना सांगायची की भाजीतही माशाचं पाणी असतं, म्हणून मागायच्या आधी विचारा, आणि ते कसं विचारायचं ते सगळ्यांकडून घोकून घ्यायची. पुण्याच्या एका इंजिनिअरनं तिला विचारलं, चुकवू नयेत अशा पाच जागा कोणत्या? ती म्हणाली, सकाळी सहाला बाजारात जाऊन बसा. त्यांनी वहीत लिहिलं, 'बाजार', आणि पुढच्या चार जागांची वाट बघत राहिले. ती हसून पुढच्या माणसाकडे वळली.

आणि लोक परत येऊन तिलाच फोन करायचे. नऊ वर्षांत मला कुणी परत येऊन फोन केला नव्हता. मी कोपऱ्यात बसून तिकिटं काढायची, आणि ऐकत नसल्याचं दाखवून सगळं ऐकायची. तुमच्याही ऑफिसात असं कुणीतरी असेल, ज्याला नावं ठेवायला जागाच सापडत नाही. अशा माणसाबरोबर काम करणं सोपं नसतं, एवढंच सांगते.

इथपर्यंतही मी सोसलं असतं. पण डिसेंबरात माझी आई नाशिकहून आली.

माझा नवरा समुद्रातल्या गॅसच्या प्लॅटफॉर्मवर असतो, दोन आठवडे तिकडे, दोन आठवडे घरी. तो नसला की मदिनत खलीफातल्या आमच्या घरात आई एकटी पडायची, म्हणून एका गुरुवारी मी तिला ऑफिसात घेऊन आले. ती गटात जाऊन बसली. तिला कुठे जायचं नव्हतं. बाबा गेल्यापासून मी तिला किती ठिकाणी नेते म्हटलं होतं, तिचं एकच उत्तर, "माझे गुडघे."

त्या दिवशी विषय होता डोक्याचा. डोकं हा माणसाचा सगळ्यात पवित्र भाग, त्याला परक्यानं हात लावायचा नाही, लहान मूल कितीही गोड दिसलं तरी नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या, आईनंही. शेवटी रिवाजाप्रमाणे ती गटातल्या सगळ्यात मोठ्या माणसापुढे, म्हणजे आईपुढे, हात जोडून वाकली. आणि आईचा हात सवयीनं सरळ तिच्या डोक्यावर गेला. "सुखी राहा गं," आई म्हणाली.

खोलीत कुणी हललं नाही. खरं सांगते, मला बरं वाटलं. म्हटलं, आता बघू हिचं हसू.

ती तशीच वाकून राहिली. आईनं हात काढेपर्यंत मान वर केली नाही. मग डोळे पुसून माझ्याकडे बघत म्हणाली, "दीदी, माँ का हाथ चलेगा."

त्यानंतर दर शुक्रवारी ती आमच्या घरी. आई तिला माझ्या खलबत्त्यात कच्ची पपई आणि शेंगदाणे कुटायला बसवायची आणि शेजारी बसून मिरची कमी कर म्हणायची. माझ्या चटणीत कधी मीठ जास्त, कधी लसूण कमी. तिची पपई मात्र आई वाटी पुसून खायची. दोघींना एकमेकींचं निम्मं बोलणं कळत नव्हतं, आणि त्यामुळे दोघींचं कुठे अडतही नव्हतं. तिच्या गावात चिकट भात हातानंच खातात हे कळल्यावर आईनं मला बोलावून सांगितलं, जसं काही तिच्या माहेरचीच गोष्ट.

आणि एका शुक्रवारी आई म्हणाली, "मला हिचं गाव बघायचंय."

निम्म्या दोहाला मी थायलंडला पाठवलं असेल. आईला मी म्हटलं, उन्हाळा फार असतो. मग म्हटलं, इन्शुरन्सचं बघावं लागेल. मग म्हटलं, "आणि तुझे गुडघे?" गुडघ्यांचं नाव काढताना माझी मलाच लाज वाटली, पण काढलं. फेब्रुवारीत आई नाशिकला परत गेली.

आधी आईचा फोन आठवड्यातून एकदा यायचा, पाच मिनिटांचा. आता रोज दुपारी माझ्या जेवणाच्या सुट्टीत यायला लागला. पहिला प्रश्न, "ती काय जेवली आज?" मग तिची आई कशी आहे, तिला बरं आहे ना. शेवटी, "तू काय, तू आपली जेवतच असशील."

जूनमध्ये ती नोकरी सोडून आपल्या गावी गेली, कायमची. तिची आई घरात पडली होती आणि करायला दुसरं कुणी नव्हतं. टेबल आवरून झाल्यावर ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "माँ को भेजना, दीदी. मैं एअरपोर्ट पे आएगी." आणि एका चिठ्ठीवर तिकडचा नंबर लिहून दिला.

"इन्शाल्ला," मी म्हणाले, आणि चिठ्ठी पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईचा फोन आला. "काय जेवली?" माझा डबा समोर उघडा होता. "मुगाची खिचडी," मी म्हणाले. आईला नवल वाटलं. तू देतेस का गं डब्यातून, तिनं विचारलं. मी हो म्हटलं. "बरं करतेस," आई म्हणाली. तिनं मला असं म्हटल्याला किती वर्षं झाली असतील, मला आठवेना.

मग रोजच सुरू झालं. पोळी आणि भेंडी. वांग्याचं भरीत. दहीभात. पुन्हा वांगं. ती गेली हे कळलं तर फोन पुन्हा आठवड्यावर जाणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. गुरुवारी सतरंजीवर आता मीच बसते. तिचीच वाक्यं बोलते. लोक छान म्हणतात आणि जाताना विचारतात, त्या बाई कुठे गेल्या?

सप्टेंबरात एका दुपारी आई फोनवर धापा टाकत होती. पासपोर्ट संपत आला होता म्हणून ती एकटीच पासपोर्ट ऑफिसात जाऊन आली होती. दोन तास उभी होती रांगेत. "तिला विचार, नोव्हेंबरात आले तर चालेल का," ती म्हणाली. "तुला सवड नसेल तर राहू दे. मी जाईन एकटी."

मला पुढे खोटं बोलवेना. सांगितलं सगळं. ती जूनमध्येच गेली, जाताना तुला बोलावून गेली, आणि मी तुला सांगितलं नाही.



"मग एवढे दिवस मला कुणाचं जेवण सांगत होतीस?"

"माझं," मी म्हणाले.

मला वाटलं, आता आई फोन ठेवणार.

"वांगं बंद कर आधी," आई म्हणाली. "पित्त होतं तुला. आणि तिकिटं काढ. एक नको, दोन काढ."

दोन्ही तिकिटं काढली आहेत, शेजारशेजारच्या सीटची. चिठ्ठीवरच्या नंबरवर फोनही केला. ती नक्की येणार आहे. विमानतळाच्या दारातून बाहेर पडल्यावर आई माझा हात सोडून कुणाकडे जाणार, ते मला आत्ताच दिसतंय.