बाहेरचा उमेदवार

करवत चालवणाऱ्या पोराच्या मागे तो कधी येऊन उभा राहिला, हे पोराला कळायचं नाही. दोन बोटं पोराच्या कोपराखाली लावायचा आणि कोपर किंचित अंगाकडे ढकलायचा. तेवढ्यानं करवतीचा आवाज बदलायचा. मग म्हणायचा, “हं. आता चालव.”

पोरगं तरीही लाकडावरच्या रेघेकडे डोळे लावून राहिलं, तर म्हणायचा, “रेघ कुटं पळून न्हाई चालली. कोपर सांभाळ.”

ऑफिसातले आम्ही लोक त्याला मिस्त्री म्हणायचो. पोरं सर म्हणायची. ‘सर’ अशी हाक आली की तो लगेच वळायचा नाही, दुसऱ्या हाकेपर्यंत थांबायचा. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. हाक ऐकू आलेली असते, पण ती आणखी एकदा ऐकायची असते.

ही गोष्ट हिंगोली जिल्हा वेगळा झाला त्याच्या आगेमागची. कळमनुरीकडे जाणाऱ्या रस्त्याला एका खासगी संस्थेचं प्रशिक्षण केंद्र होतं. लांब पत्र्याची शेड, तिच्यात सुतारकामाचं वर्कशॉप आणि टोकाला ऑफिसची एक खोली. मी तिथं सुतारकामाचा निदेशक होतो. वर्कशॉपच्या दारावर माझ्या नावाची पाटी होती, आणि दरवर्षी पोरांच्या कागदांवर शिकवणारा म्हणून माझी सही असायची. शिकवायचा मात्र मिस्त्री. त्याची नेमणूक मदतनीस म्हणून होती. सामान काढून देणं, भुसा झाडणं, हत्यारं मोजून घेणं, एवढंच त्याचं काम.

लाकडाच्या भुशानं मला दम लागायचा, असं मी सगळ्यांना सांगत असे. दम लागायचा हे खरं, पण खुर्ची आवडायला लागली होती हेही खरं. पहिल्या वर्षी मी दिवसातून दोनदा वर्कशॉपमध्ये जात होतो. पुढे आठवड्यातून एकदा. नंतर पाहुणे आले की.

मिस्त्री साखऱ्याचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. सुताराच्या घरात जन्मलेला नव्हता आणि हे त्याला सुतारांनी कधी विसरू दिलं नाही. तरुणपणी शिरड शहापूरला कुणाच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवायला गेला, तिथं शेजारी एका म्हाताऱ्या सुताराचं काम चालू होतं. ते बघत बसला. मेंढरं पुढच्या शेतात गेली, हा मागेच राहिला.

त्याचा स्वतःचा हात मात्र मध्यमच होता, हेही लिहायला हवं. त्यानं ऑफिससाठी केलेलं स्टूल एका पायावर डुलायचं. मी तक्रार केली की तो येऊन स्टूल फिरवून फिरवून बघायचा आणि म्हणायचा, “फरशी वाकडी हाय, साहेब.”

“अरे, कालच अंगणात ठेवलं होतं. तिथंही डुलत होतं.”

“मंग अंगण तर वाकडं असतंच की.”

दुसऱ्याचं चुकलेलं मात्र त्याला दूरवरून कळायचं. वीस पोरं एकाच वेळी करवत चालवत असताना हा पाठमोरा उभा राहून पटाशीला धार लावत असायचा आणि तसाच ओरडायचा, “खिडकीपाशी कोण हाय रे? थांब, येतो.” मी एकदा विचारलं, तुला न बघता कसं कळतं? तो म्हणाला, “मेंढरांत एखादं लंगडाय लागलं तर बघावं लागत न्हाई, साहेब. आवाज येगळा येतो.”

पुढे वरून आदेश आला. वर्कशॉपमध्ये जो शिकवतो त्याच्याकडे सुतारकामाचं प्रमाणपत्र पाहिजे, आणि पोरांची संख्या वाढल्यामुळे एक निदेशक आणखी नेमायचा. संस्थाचालकांनी मला बोलावलं. मिस्त्री बाहेरून परीक्षेला बसून पास झाला तर ती जागा त्याची. नाही झाला तर दुसरा माणूस आणावा लागेल आणि मदतनिसाचं पद बंद होईल.

मी हे सांगितलं तेव्हा त्यानं पहिलं विचारलं ते पाटीचं.

“मंग दारावर माजंबी नाव येईल?”

“येईल.”

“तुमच्या खाली?”

“खाली.”

“खाली चालंल,” तो म्हणाला, आणि उगाचच दाराकडे बघून आला.

परीक्षेला बसायला कामाचा अनुभव दाखवावा लागे. तो आमच्याकडे शिकवतो असं दाखवलं असतं, तर मग निदेशक काय करतो, असा प्रश्न आला असता. म्हणून तो गावात सुतारकाम करतो असं दाखवलं. मिस्त्रीनं दाखवली तिथं सही केली. त्याला सगळं बराबर समजलं होतं.

वय पंचेचाळिशीच्या पुढचं, शिक्षण सातवी. हिंगोलीला जाऊन चष्मा करून आला. रोज दुपारी माझ्या घराच्या ओसरीवर आम्ही थिअरीला बसायचो. त्याला सगळ्यात जास्त तकलीफ दिली ती ड्रॉइंगनं. एकच वस्तू समोरून, बाजूनं आणि वरून कशी दिसते, ते काढायचं असतं. वरून बघितलेल्या स्टुलाला त्यानं चारी पाय काढले.

“वरून पाय दिसतात का?”

“दिसत न्हाईत, पण हायेत ना.”

“न दिसणारं असं नाही काढायचं.”

“न्हाई काढले तर पडंल की ते, साहेब!”

माझी बायको आतून हसली. तोही हसला आणि पाय खोडले. पण खोडताना त्याच्या चेहऱ्यावर एक भीती मी पाहिली. ती परीक्षेपर्यंत वाढतच गेली. परीक्षेला त्याच्याबरोबर त्याचीच पोरं बसणार होती. पोरं पास झाली आणि मास्तर नापास झाला तर, हे तो बोलून दाखवायचा नाही. फक्त एकदा म्हणाला, “म्या एकटाच बसलो असतो तर बरं व्हतं.”

पोरांनी त्याला सांभाळून घेतलं. जेवणाच्या सुटीत ती त्याला प्रश्न विचारायची. “सर, प्लायवूडचे प्रकार सांगा.” दोन प्रकार सांगून तो अडकायचा आणि चिडायचा, “मला काहून इचारून राहिला? तुला येतंय का, ते सांग आदी!” मग पोरगं सांगायचं आणि हा ओठ हलवत पाठ करायचा.

प्रॅक्टिकलची मला काळजी वेगळी होती. सराव करताना त्याचं लक्ष स्वतःच्या लाकडावर राहत नव्हतं. दहा मिनिटं झाली की हा उठून कुणाच्या तरी मागे उभा. विशेषतः शिरड शहापूरचं एक डावरं पोरगं होतं, त्याच्यामागे. आमची टेबलं आणि लाकूड पकडायचे शिकंजे सगळे उजव्या हातासाठी मांडलेले, त्यामुळे त्या पोराचं कोपर सारखं बाहेर जायचं. मी मिस्त्रीला बजावलं, “त्या दिवशी कुणाकडे बघायचं नाही. तू तिथं उमेदवार आहेस.” त्याचं टेबल मी भिंतीकडे तोंड करून लावलं. त्यानं स्वतःहून टॉवेल डोक्यावरून घेऊन दोन्ही कानांवरून खाली सोडला. पोरं म्हणाली, “सर, बैलाला झापड बांधलीय.” तो म्हणाला, “बैलच हाय. बैल असल्याबिगर ह्या वयात कोण परीक्षा देतो?”

थिअरीचे पेपर त्याला ठीक गेले. प्लायवूडचे सगळे प्रकार लिहिले, असं बाहेर येऊन पोरांना सांगितलं.

प्रॅक्टिकलला बाहेरगावचे परीक्षक आले. करडा माणूस, पण वाईट नव्हता. करून दाखवायचा जॉब होता डव्हटेलचा, म्हणजे पेटीच्या कोपऱ्याला दोन फळ्या पारव्याच्या शेपटीसारख्या एकमेकींत अडकवायच्या. केंद्राचा माणूस म्हणून मी देखरेखीला होतो. मिस्त्री भिंतीकडे तोंड करून, टॉवेल लावून उभा. दुपारपर्यंत त्यानं मान वळवली नाही. त्याची एक फळी कापून झाली होती. फार सुंदर नव्हती, पण पास होण्यासारखी होती. मी मनात म्हटलं, निघाला हा.

तेवढ्यात मागच्या रांगेत त्या डावऱ्या पोराची करवत अडखळायला लागली. मला तो आवाज नंतर कळला, मिस्त्रीला आधी. त्यानं पटाशी खाली ठेवली. टॉवेल तसाच डोक्यावर. सरळ चालत गेला, पोराच्या कोपराखाली दोन बोटं लावली आणि म्हणाला, “हं. आता चालव.”

कुणालाच काही वेगळं वाटलं नाही. रोजचंच होतं ते. मलाही क्षणभर वाटलं नाही.

“ओ!” परीक्षक ओरडले. “तुम्ही उमेदवार ना? त्याच्या टेबलाजवळ काय करताय?”

मिस्त्री भानावर आला. टॉवेल काढून हातात घेतला.

“काई न्हाई, जी.”

“काही नाही कसं? त्याच्या जॉबमध्ये काय बघत होता?”

मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं. परीक्षकांनीही पाहिलं. “हे कोण आहेत? तुमच्या इथलेच आहेत का?”

एक वाक्य पुरलं असतं. हे या पोरांना शिकवतात, सवयीनं गेले. मग परीक्षकांनी विचारलं असतं, शिकवतात? मग निदेशक कोण? पुढचं सगळं मला दिसलं. चौकशी, इतक्या वर्षांच्या सह्या, नोकरीची राहिलेली थोडी वर्षं.

मी म्हणालो, “बाहेरचा उमेदवार आहे. मला कल्पना नाही.”

ते डावरं पोरगं बोलायला गेलं, “साहेब, हे तर आमचे...”

“गप,” मिस्त्री त्याला म्हणाला. “तू तुजं काम कर.”

परीक्षकांनी नियमाप्रमाणे केलं. दुसऱ्याचा जॉब बघून नक्कल करताना आढळला, असं लिहून त्याचा जॉब काढून घेतला. केंद्राचा माणूस म्हणून खाली सही मी केली. मिस्त्रीनं आपली हत्यारं टॉवेलात गुंडाळली आणि तो पोरांच्या रांगेतून बाहेर गेला. एकही करवत चालत नव्हती.

पोरगं पास झालं. सगळीच पोरं पास झाली.

गावात गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर लोक हसून हसून सांगायचे, “ऐकलं का? मास्तर पोरांचं बघून करत व्हता म्हणे!” मी तिथं चहा पीत असे. पोरांनी दोन-तीनदा खरं सांगायचा प्रयत्न केला, पण खऱ्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

मदतनिसाचं पद बंद झाल्यावर आपला रंधा न्यायला तो एकदा केंद्रात आला. ऑफिसच्या दारात उभा राहून म्हणाला, “साहेब, तुमी काहून बोलला न्हाई?”

मी म्हणालो, “पुढच्या वर्षी परत बसवू तुला.”

त्यानं विचारलेल्याचं हे उत्तर नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. “बरं,” म्हणाला आणि गेला. पुढच्या वर्षी मी त्याला निरोप पाठवला नाही. नवीन निदेशक आला, त्याचं नाव पाटीवर माझ्या खाली लागलं.

मिस्त्री आता नाही. साखऱ्यालाच गेला, मला उशिरा कळलं. गेल्या वर्षी जुन्या विद्यार्थ्यांनी माझा सत्कार केला. शाल घातली. भाषणात एक जण म्हणाला की सरांनी आमच्या हातात करवत दिली. तो मिस्त्रीनं केंद्र सोडल्यानंतरच्या तुकडीतला, त्यालाही मी शिकवलं नव्हतं. मी शाल घेऊन घरी आलो. म्हणून हे लिहितो आहे. त्या केंद्रात पोरांना जे सुतारकाम आलं, ते मिस्त्रीनं शिकवलं. परीक्षेत त्यानं नक्कल केली नाही. मी खोटं बोललो. हे आता वाचून त्याला काही मिळणार नाही, आणि टपरीवर हसणारेही बहुतेक गेले.

त्याला शेवटचं पाहिलं ते कळमनुरीच्या आठवडी बाजारात. मी निवृत्त झालो होतो. जनावरांच्या बाजूला तो दोन शेळ्या घेऊन उभा होता, चष्मा नव्हता. कुणीतरी शेतकरी शेळीचे दात बघत होता. मिस्त्रीला मी दिसलो. मला वळून जाता आलं असतं, पण तोवर त्यानं हात वर केला होता.

“कसे हाव, साहेब?”

“ठीक. तू?”

“चाललंय.”

शेतकऱ्यानं विचारलं, “हे कोण म्हणायचं?”

“हे आमचे सर,” मिस्त्री म्हणाला. “सुतारकाम शिकवायचे. म्याबी ह्यांच्याच हाताखाली शिकलो थोडं. परीक्षा तेवढी निघाली न्हाई आपल्याच्यानं.”

मी त्याच्या आवाजात टोमणा शोधला. असता तर मला बरं वाटलं असतं. नव्हता. सगळे सांगत होते तेच तो सांगत होता, आणि आता त्यालाही ते तसंच वाटत असावं.

शेतकऱ्यानं शेळीची दोरी पायाखाली दाबली आणि मोकळे झालेले दोन्ही हात मला जोडले. मी मान हलवून नमस्कार घेतला आणि भाजीच्या बाजूला गेलो.