गणपतच्या पलटणीचा हवालदार

ठाण्याहून सकाळची आगगाडी सुटली, तेव्हा आईचे शब्द कानांत होते. "तो कसा गेला, एवढं विचारून ये. वाईट असलं तरी विचार."

मी शाळामास्तर; माझा थोरला भाऊ गणपत पायदळ पलटणीत शिपाई होता. काबुलाकडच्या लढाईहून पलटण परतली, गणपत परतला नाही. सरकारी कागदावर 'बेपत्ता' एवढाच शब्द आला. त्याच्याच कंपनीचे हवालदार दौलतराव पेन्शन घेऊन आंबिवलीस राहतात, हे नुकतेच कळले होते.

मुंब्र्याचे बोगदे मागे पडल्यावर डावीकडे खाडी आणि खाजणे (भरतीचे पाणी शिरते ती जमीन) दिसू लागली. भातकापणी चालू होती. कल्याणास उतरून छकडा केला. शहाडपाशी तरीने (पैलतीरी नेणाऱ्या होडीने) उल्हास नदी ओलांडली, पण उतरताना पाय घसरला आणि मी गुडघाभर चिखलात. तरीवाला हसून म्हणाला, "मास्तर, आमची माती घेतल्याबिगर कोनी जात नाय!"

दौलतराव खळ्यावर भात झोडत होते. उंच, ताठ, डाव्या हाताची दोन बोटे नाहीत.

"गणपतचा धाकटा ना तुम्ही? कपाळ तेच आहे."

त्यांच्या पत्नीने तांदळाची भाकरी आणि वालाचे बिरडे वाढले. जेवताना ते पलटणीबद्दलच बोलत राहिले. हबसाणच्या (आफ्रिकेतल्या अबिसीनियाच्या) डोंगरांत शिपायांनी दोर लावून तोफा चढवल्या होत्या. निशाणावर लढायांची नावे विणलेली होती आणि त्या निशाणाला सुभेदारापासून नव्या रंगरुटापर्यंत सारे सलाम करत. ऐकताना माझा ऊर भरून येत होता. दोन पदकेही त्यांनी दाखवली. मग मी आईचा प्रश्न विचारला.

त्यांनी हात धुतले.

"त्या दिवशी आमची हार झाली. माघारीच्या वाटेवर गणपतशिवाय माझ्याजवळ अकरा जण उरले होते. पाणी नव्हतं. गणपतच्या मांडीत गोळी. आळीपाळीनं उचलून आणला. मागं घोडेस्वार दिसायला लागले, तेव्हा तोच म्हणाला, 'मला इथं ठेवा.'"

"म्हणजे त्याच्याच इच्छेनं..."

"नाही, मास्तर. तो म्हणाला हे खरं. पण हुकूम माझा होता. बंदूक आणि काडतुसं त्याच्याजवळ ठेवली. टेकडीआड गेलो तरी बार ऐकू येत होते. घोडेस्वार तिथंच अडले. मग बार थांबले." त्यांनी पदके उचलून ठेवली. "तुमच्या घरी यायला हवं होतं. ठाण्याच्या स्टेशनात दोनदा उतरलो आणि परत फिरलो."

मला राग येईल असे वाटले होते. तो आला नाही. मी त्यांच्या पाया पडायला वाकलो, तर त्यांनी मला वरच्या वर धरले.

संध्याकाळच्या गाडीने परतताना वाटले, निशाणावरची नावे जिंकलेल्या लढायांची असतात. हरलेल्या दिवशी कोणी काय केले, ते दौलतरावांसारखी माणसेच सांगू शकतात, आणि तेही स्वतःला न वाचवता.

घरी आईला सगळे सांगितले, एक शब्द न गाळता. ती पदराने डोळे पुसत राहिली. मग तिने विचारले, "ते अकरा जण घरी पोचले?"

"सगळे. निघताना मी हवालदारांना विचारलं होतं."

"मग हवालदारांना कागद लिही. म्हणावं, आता स्टेशनावरनं मागं फिरू नका. गणपतच्या आईनं जेवायला बोलावलंय."