माझा डाव, त्याचा हात

त्या चित्रात तीन मुलं आहेत. दोघे भाऊ ओसरीतल्या शहाबादी फरशीवर वाघ-बकरी खेळताहेत आणि मागे खांबाला टेकून एक मुलगी बघते आहे. चित्रकाराने तिच्या फ्रॉकची उसवलेली शिवणसुद्धा सोडलेली नाही. ती मुलगी मी. आम्ही त्या घरात भाडेकरू होतो.

खरं म्हणजे खेळत मी होते. माझे चिंचोके म्हणजे बकऱ्या. त्यांनी घरमालकांच्या थोरल्या मुलाचे तिन्ही वाघ कोंडत आणले होते. शेवटचा चिंचोका ठेवायचा तेवढा राहिला होता. तेवढ्यात चित्र काढणारे सर म्हणाले, तू ऊठ, मागे उभी राहा. माझ्या जागी धाकटा बसला. वाघ उडी कशी मारतो हेही त्याला ठाऊक नव्हतं. पट मात्र सरांनी जसाच्या तसा रंगवला.

पुढे कित्येक वर्षं मालकीणकाकू पाहुण्यांना चित्र दाखवून सांगायच्या, ही मागची भाडेकऱ्यांची पोर, बघत बसायची बिचारी. त्या 'बिचारी'च्या रागावर मी चादरींचं दुकान उभं केलं.

गेल्या वर्षी ते घर पाडायला निघालं. थोरला सामान विकतोय हे कळताच मी गेले. घासाघिशीत मला बाजारात कोणी हरवत नाही, पण त्या दिवशी तो म्हणेल ती किंमत कबूल केली. अट एकच घातली. डाव माझा होता, असं त्याने चित्राच्या मागे लिहून द्यायचं.

तो हसला. "असू दे की आता. नातवंडं झाली आपल्याला."

"लिही. नाहीतर राहू दे चित्र. उद्या जेसीबी आला की ठेव त्याच्यापुढं."

मालकीणकाकू कोपऱ्यातल्या खुर्चीत होत्या. त्या म्हणाल्या, "लिहून दे रे. तीच जिंकत होती. म्हणून तर मी सरांना सांगून उठवलं तिला."

इतकी वर्षं मी सरांना शिव्या घालत होते. थोरल्याच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि काकूंच्या हातात दिलं. दोन ओळी लिहायला त्यांना बराच वेळ लागला. मधेच त्यांनी पाणी मागितलं. मी जागची हलले नाही.

चित्र आता माझ्या गल्ल्यामागे आहे, तोंड भिंतीकडे करून. थोरल्याची सून टॉवेल घ्यायला आली की मी तिला आजेसासूचं अक्षर मोठ्याने वाचायला लावते. टॉवेल त्यानंतर दाखवते.