समुद्राचा कापलेला हिवाळा

माझी थोरली बहीण समुद्रशास्त्रज्ञ. दक्षिण ध्रुवाभोवतालच्या समुद्रात ती दोन मोहिमा करून आली होती. तिसरीवर निघण्याआधी, बेलापूरला माझ्या घरी, तिने मला मुलाखत दिली. तोवर तिने कुठल्याच वर्तमानपत्राला दिली नव्हती.

"गार पाण्यात वायू जास्त मुरतो. फ्रिजमधला सोडा आणि उन्हातला सोडा उघडून बघ," ती म्हणाली. "म्हणून थंड समुद्र हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतो. हे सगळेच लिहितात. पण हिवाळ्यात वादळं पाणी ढवळतात, कार्बन साठलेलं खोलातलं जुनं पाणी वर येतं आणि तोच समुद्र काही भागांत वायू परत सोडतो. माझं काम या सोडण्यावर आहे. ते गाळलंस तर मी तोंडघशी पडेन."

"नाही गाळणार, ताई."

शोषण्याचं मी वर लिहिलं, सोडण्याचं शेवटच्या परिच्छेदात. वाचकाला आधी सोपं द्यायची सवय. जागा कमी पडली की बातमी खालून कापतात, हे ठाऊक होतं. म्हणून पान लावणाऱ्या उपसंपादकाला बजावलं, शेवट कापू नकोस, अडलं तर फोन कर. तो माझ्याच हाताखाली तयार झालेला.

"बिनधास्त राहा सर," तो म्हणाला.

संध्याकाळी जाहिरात आली. फोन आला नाही. सकाळी बातमी होती, शेवटचा परिच्छेद नव्हता. मथळा होता: 'थंड समुद्र गिळतोय आपला धूर'.

मी उपसंपादकाला फोन केला.

"खालून कापायचं, विचारत बसायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना सर? आणि टेन्शन कसलं, तुमचं नाव तर ठळक गेलंय."

दहा वाजता ताईचा फोन आला. "माझ्या टीममधल्या मुली विचारतायत, मॅडम, आपला हिवाळा कुठे गेला? काय सांगू?"

"डेस्कने कापलं, ताई."

"डेस्कला मी ओळखत नाही. मी तुला सांगितलं होतं."

दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर चार ओळींचा खुलासा आला. उपसंपादकाशी त्यानंतर मी कामापुरतंच बोललो.

ताई मोहिमेवरून परतली, घरी आली. आईच्या गुडघ्यांबद्दल, सोसायटीच्या लिफ्टबद्दल बोलली. यंदा समुद्रात काय दिसलं, मी विचारलं.

"शोधनिबंध येईल," ती म्हणाली. "तेव्हा वाच."