साडूंची मूळ नळी

बुरशी ही किळस वाटण्याची गोष्ट आहे, हे ज्यांना कुणी कधी सांगितलंच नाही असे जगात एकच गृहस्थ असावेत, आणि ते माझे थोरले साडू आहेत. टेंभुर्णीतल्या घराच्या मागच्या खोलीत ते कॉर्डिसेप्स नावाची औषधी अळंबी पिकवतात. केशरी कोंब येतात बरणीत; बियाणं मात्र काचेच्या नळीत वाढवलेली पांढरी बुरशी. त्या खोलीत ते आंघोळ करून, पंखा बंद करून, नाकातोंडाला फडकं बांधून जातात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दारातच अडवून म्हणाले, "पाव्हणं, आत बोलायचं न्हाई. शिंकायचं तर बिलकुल न्हाई." फ्रीजमध्ये सगळ्या नळ्याच, दूध शेजाऱ्यांकडे. आक्का, म्हणजे माझी थोरली मेहुणी, हिला खोलीत मज्जाव होता, कारण तिच्या पदराला फोडणीचा वास येतो आणि वासाबरोबर जंतू येतात, असं त्यांचं शास्त्र.

नळ्यांवर ते नाती लिहीत. प्रयोगशाळेतून आणलेली पहिली ती 'मूळ', मग 'लेक', 'नात', 'पणती'. पुढे शब्द संपले तेव्हा आकडे. एका नळीतून दुसरी फार वेळा केली की बुरशी थकते, म्हणून अधूनमधून मूळ नळीकडे परतावं, हे ते गावभर सांगत. स्वतः मात्र पहिली 'लेक' केल्यावर मूळ नळीचं बूच पुन्हा कधी काढलं नाही. "थोरल्या माणसाला कामाला लावायचं नसतं," म्हणायचे. यंदा अकराव्या पिढीच्या बरण्या कापसासारख्या पांढऱ्या झाल्या आणि एकीलाही केशरी कोंब आला नाही.

आता मूळ नळीच उघडायला हवी होती, आणि ती एकच होती. त्या प्रयोगशाळेकडेही हे वाण उरलं नव्हतं. ती नासली तर साडूंचा सगळा उद्योग संपला असता. मी तेव्हा तिथेच मुक्कामाला होतो. दोन दिवस ते स्पिरिटच्या दिव्यापाशी सुई घेऊन बसले आणि तसेच उठले. त्यांचा हात थरथरतो हे मला तेव्हा कळलं; त्यांनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी आक्का न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून सरळ आत गेली.

"आवो, सरका. मी करते."

"तुला जमंल का?"

"इतकी वर्षं खिडकीतनं बघतच आलीय की मी."

तिने सुई लाल होईस्तोवर तापवली, निवू दिली, मूळ नळीतून तांदळाएवढा तुकडा उचलून नव्या नळीत ठेवला आणि बूच लावलं. साडू एवढंच म्हणाले, "बराबर."

दोन-अडीच महिन्यांनी पुन्हा गेलो तेव्हा बरण्या केशरी झाल्या होत्या. नव्या नळ्यांवर आक्काचं अक्षर होतं. साडू अंगणात खुर्ची टाकून रिकाम्या नळ्या धूत होते.

"तिचा हात लै थीर हाये, पाव्हणं," ते म्हणाले. "मला वाटायचं, माझ्याबिगर कुनाला जमायचंच न्हाई."

धुतलेली नळी त्यांनी उजेडात धरली. ती हलत होती. मी दुसरीकडे पाहिलं. मला त्यांचं फार वाईट वाटलं, आणि मागच्या खोलीच्या खिडकीतून दिसणाऱ्या आक्काकडे बघून बरंही वाटलं.